मागण्याचा हक्क

सलाम फिरवून झाल्यावर इमामाच्या सामुदायिक दुआसाठी न थांबता जो उठतो तो दुआच मानत नाही, असे एका पक्षाने म्हणावे, आणि जो हात पसरून बसून राहतो त्याला दुसऱ्या पक्षाने बिदअती ठरवावे, असा जो वाद आज मशिदींतून ऐकू येतो, त्यात दुआच बेवारस होते. कारण मागणे हा प्रत्येक बंद्याचा स्वतःचा हक्क असून त्याची मुखत्यारी ना इमामाकडे आहे, ना त्याच्या टीकाकाराकडे.

आरंभीचा इतिहास सर्वपरिचित आहे. सजद्यात बंदा आपल्या पालनकर्त्याच्या सर्वांत निकट असतो, म्हणून तेथे पुष्कळ मागावे, असे पैगंबरांनी सांगितले, आणि तशहुदनंतर मनास येईल ती दुआ निवडण्याची मुभा दिली. नमाजातील दुआ कुरआन-हदीसच्या शब्दांशी मिळतीजुळती असावी, अशी मर्यादा हनफी फकीहांनी घातली. मालिकी व शाफिई फकीहांनी ऐहिक गरजाही मागू दिल्या. पुढे गझालींनी 'इह्या'त दुआचे शिष्टाचार लिहिले, नववींनी 'अल्-अज़कार' संकलित केला.

खरा विपर्यास होतो तो चौदाव्या शतकातील ग्रॅनाडाविषयी. तेथे इमामत करताना शातिबींनी (मृत्यू १३८८) प्रत्येक नमाजानंतरच्या सामुदायिक दुआचा प्रघात पाळला नाही, तेव्हा 'हे दुआ निरुपयोगी मानतात' असा आरोप त्यांच्यावर आला. तो त्यांनीच 'अल्-इतिसाम'मध्ये नमूद केला आहे. त्यांचेच गुरू व ग्रॅनाडाचे मुफ्ती इब्न लुब्ब यांनी मात्र त्या प्रघाताचे समर्थन केले. आज शातिबींचे अनुयायी आणि विरोधक दोघेही त्यांना निषेधाचे आचार्य समजतात, आणि दोघेही चुकतात. शातिबींचा आक्षेप मागण्यावर नव्हता, तर रोज, त्याच प्रकारे, सर्वांनी मिळून केल्यामुळे सामान्य माणसाला नमाजाचेच अंग वाटू लागणाऱ्या दस्तुरावर होता. अवर्षण वा भय यांसारख्या प्रसंगी एकत्र मागण्याला त्यांचा विरोध नव्हता. त्यापूर्वीच दमास्कसमध्ये इब्न तैमियांनी (मृत्यू १३२८) दुआचे योग्य स्थान सलामापूर्वी, बंदा अजून हुजुरात असताना, आहे असे प्रतिपादिले होते. या दोन्ही विचारांचा रोख एकच आहे: दुआ कमी करणे नव्हे, तर ती नमाजाच्या अंतरंगात, एकेकट्या माणसाच्या मुखी परत नेणे.

ज्याला स्वतःचे शब्द सुचत नाहीत त्याला इमामाच्या दुआवर 'आमीन' म्हणण्याने आधार मिळतो, हे मी नाकारीत नाही. परंतु आधाराची सक्ती झाली की आधार राहत नाही. आणि शातिबींचे नाव घेऊन शेजाऱ्याचे पसरलेले हात खाली करू पाहणारा तीच सक्ती उलट्या दिशेने लादतो. म्हणून माझी दोन्ही पक्षांना विनंती आहे: उठणाऱ्याला उठू द्या, बसणाऱ्याला बसू द्या, आणि आपण स्वतः सजद्यात काय मागतो, तेवढे मात्र विसरू नका.