ब्लॅक हिल्स विकायचे नाहीत

१९८०च्या जून महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने मान्य केले की, ब्लॅक हिल्सचा डोंगराळ मुलूख सरकारने सू लोकांकडून रास्त मोबदला न देता घेतला होता. १८७७ सालची किंमत १ कोटी ७१ लाख डॉलर आणि त्यावर शंभर वर्षांचे पाच टक्क्यांनी व्याज, अशी दहा कोटींहून अधिक डॉलरची भरपाई ठरली. सू लोकांपैकी लाकोटा आणि त्यांच्या बांधव जमातींनी ती नाकारली. आजही ती सरकारी खात्यात पडून आहे आणि वाढत वाढत एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे. ज्यांच्या नावावर हे पैसे आहेत त्यांची पाइन रिजसारखी राखीव वस्ती मात्र देशातल्या सर्वांत गरीब भागांत मोडते.

दारिद्र्यात राहून एवढी रक्कम नाकारणे हा अनेकांना हट्ट वाटतो. मला त्यात इतिहासाची स्वच्छ जाण दिसते.

१८६८च्या फोर्ट लॅरमी कराराने मिसुरी नदीच्या पश्चिमेचा मोठा प्रदेश, ब्लॅक हिल्ससकट, सू लोकांसाठी राखला गेला. त्यातला भाग पुढे सोडायचा झाल्यास प्रौढ पुरुषांपैकी तीन-चतुर्थांश जणांच्या सह्या लागतील, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. १८७४ मध्ये अमेरिकी लष्करी अधिकारी कस्टर याची मोहीम डोंगरात गेली आणि सोने असल्याची बातमी घेऊन आली. सरकारने ६० लाख डॉलरला डोंगर विकत मागितले, नकार मिळाला. मग घुसणाऱ्या सोनेशोधकांना अडवणे लष्कराने सोडून दिले. १८७६च्या उन्हाळ्यात सू लोकांशी झालेल्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टर मारला गेला, आणि लगेच काँग्रेसने ठरवले की, डोंगरांवरचा हक्क सोडेपर्यंत या लोकांचा सरकारी शिधा बंद. रानरेड्यांचे कळप संपत आले होते. पोट त्या शिध्यावरच होते. एवढे करूनही सह्या मिळाल्या त्या जेमतेम दहा टक्के पुरुषांच्या. १८७७ मध्ये कायदा करून मुलूख घेतला तो घेतलाच. तिथली होमस्टेक ही एकच खाण २००२पर्यंत चालली आणि तिने सुमारे चार कोटी औंस सोने दिले.

या सगळ्यात जबरदस्तीइतकीच कागदाची ओढ दिसते. वसाहत करणाऱ्यांना जमीन तर हवीच होती, शिवाय ती रीतसर मिळाल्याचा पुरावाही हवा होता. भुकेल्या माणसांपुढे सह्यांसाठी कागद धरला गेला तो त्यासाठीच. आज भरपाई स्वीकारली, तर तेव्हा न झालेला व्यवहार शंभराहून अधिक वर्षांनी पुरा होईल. लाकोटा लोकांना हे नेमके कळते. मूलनिवासी जमातींचे असे दावे चालवण्यासाठी १९४६ साली नेमलेल्या आयोगाला पैसे देता येत होते, जमीन परत देता येत नव्हती. अन्याय मान्य करतानाही त्याची दुरुस्ती कशी व्हावी हे अन्याय करणाऱ्यानेच आधी ठरवून ठेवले होते.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. लाकोटा स्वतः या डोंगरांत अठराव्या शतकात आले. त्यांच्याआधी तिथे शायेन, कायोवा होते, आणि त्यांना लाकोटांनी हटवले. हे खरे आहे, लपवण्याचे कारण नाही. पण त्याने अमेरिकेची सही पुसली जात नाही. तिने करार केला तो लाकोटांशी, आणि मोडलाही त्यांच्याशीच. शायेनांचे दुःख पुढे करून सोनेशोधकांचा हक्क कसा सिद्ध होतो?

दुसरी भीती अशी की, आज तिथे गावे आहेत, लोकांची घरे आहेत, जमीन परत दिली तर ती जातील. पण सिनेटर बिल ब्रॅडली यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या विधेयकात खासगी मालमत्तेला हात न लावता फक्त संघराज्याची जमीन परत देण्याची तरतूद होती. ते मंजूर झाले नाही. २०१२ मध्ये काही सू जमातींनी पे स्ला या आपल्या पवित्र कुरणाची सुमारे १,९०० एकर जमीन ९० लाख डॉलर मोजून खासगी मालकाकडून विकत घेतली. सभोवती ब्लॅक हिल्स राष्ट्रीय वनाची दहा लाखांहून अधिक एकर जमीन सरकारच्याच ताब्यात आहे, आणि ती परत करायला कुणाचेही घर रिकामे करावे लागत नाही.