उसन्या बळाचा हिशेब

इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, पण ते अर्धेच खरे आहे. इंजिन हवेवरही चालते, आणि त्याची खरी भूक हवेचीच असते. एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनाने चौदा-पंधरा भाग हवा लागते. पेट्रोल हवे तेवढे आत सोडता येते. हवा मात्र सिलिंडरच्या पोटात मावेल तेवढीच येते. म्हणून इंजिन जास्त वेगाने फिरवण्याची युक्ती सोडली, तर बळ वाढवायला दोनच मार्ग उरतात. पोट मोठे करा, नाहीतर आहे त्याच पोटात हवा कोंबा.

अमेरिकेत फोर्ड मस्टँग बाळगणाऱ्या हौशी माणसाला हा प्रश्न फार छळतो. २०१८ सालच्या मस्टँग जीटीचे पाच लिटरचे इंजिन कारखान्यातून निघतानाच ४६० अश्वशक्तीचे होते. आपल्यासारख्याला हा आकडा ऐकूनच धाप लागेल. पण त्याला सातशे हवे असतात. मग सुपरचार्जर बसवावा की टर्बोची जोडी, यावर गॅरेजात तासन्‌तास खल चालतो. बोलणे सगळे आकड्यांचे. मला मात्र त्या आकड्यांच्या तळाशी एक फार जुना प्रश्न दिसतो: अंगी नसलेले बळ आणायचे तर ते कोणाकडून आणावे, आणि त्याचे मोल कोणी व केव्हा चुकते करावे?

दोन्ही यंत्रे म्हणजे एका अर्थी लोहाराचा भाताच. फरक एवढाच, की भाता हलवतो कोण? सुपरचार्जर इंजिनाच्याच दांड्यावरून पट्ट्याने फिरतो. म्हणजे इंजिन स्वतःच्या कमाईतून त्याला पोसते. डॉजच्या हेलकॅट गाडीचे २०१५ सालचे इंजिन ७०७ अश्वशक्तीचे होते. पण नुसता सुपरचार्जर फिरवण्यातच भर वेगात सुमारे ८० अश्वशक्ती खर्ची पडत. आवळा देऊन कोहळा काढण्याचाच हा प्रकार, पण आवळा आधी रोख मोजावा लागतो.

टर्बोची रीत निराळी. पेट्रोलच्या उष्णतेचा जवळजवळ तिसरा हिस्सा धुराबरोबर वाया जातो. त्या धुराच्या वाटेत टर्बो एक लहानसे चाक उभे करतो. धूर ते चाक फिरवतो, आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक ताजी हवा आत रेटते. चाकांचे फेरे मिनिटाला लाखाच्या वर जातात. स्वित्झर्लंडचा इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. फेकून दिलेल्यातून बळ काढणारी ही कल्पना आपल्या काटकसरी मनाला लगेच पटते. शिळ्या पोळीचा कुस्करा करणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाचे मत टर्बोलाच पडायचे! (अगदीच फुकट तेही नसते. वाटेत चाक आडवे आले, की धूर बाहेर लोटताना पिस्टनला थोडा जादा जोर लावावा लागतो. पण सुपरचार्जरच्या मानाने हा खर्च किरकोळच.)

मग निवाडा टर्बोच्या बाजूने झाला म्हणायचा का? मला तसे वाटत नाही. खर्चाखेरीज वेळेचाही एक हिशेब असतो.

पाय दाबला, की सुपरचार्जर तत्क्षणी जाब देतो, कारण तो इंजिनाला जखडलेला असतो. टर्बोला आधी धूर हवा. पाय दाबायचा, जास्त पेट्रोल जळायचे, धूर वाढायचा, चाकाने वेग घ्यायचा, आणि मग बळ यायचे. पोर्शने १९७४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ९११ टर्बो मांडली. तीन लिटरचे, २६० अश्वशक्तीचे इंजिन, आणि तेही गाडीच्या पाठीमागे. वळणात शिरलेला चालक पाय दाबी. काही होत नसे. तो आणखी दाबी. आणि वळण निम्मे झाले असताना, नको त्या क्षणी, सगळे बळ एकदम अंगावर येई. घाबरून पाय उचलावा तर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाई. लोकांनी त्या गाडीला ‘विधवा करणारी’ असे नाव पाडले.

आपल्याकडच्या मीमांसकांना या प्रश्नाने पूर्वी पुष्कळ शिणवले आहे. यज्ञ आज संपतो, स्वर्ग मिळायचा तो मेल्यानंतर. कर्म नाहीसे झाले आणि फळ तर अजून जन्मले नाही; मग मधल्या काळात दोघांना जोडून ठेवते कोण? त्यासाठी त्यांनी ‘अपूर्व’ नावाची एक न दिसणारी शक्ती मानली. पॅरिसच्या त्या प्रदर्शनात कोणाला मीमांसा आठवली असेल असे नाही, पण टर्बोचे ते गरगरणारे चाक म्हणजे लोखंडाचे अपूर्वच आहे. फळ देते, पण आपल्या वेळेला देते.

येथे मला एक नैतिक अडचण दिसते. कृती आणि परिणाम यांत अंतर पडले की माणसाचा स्वतःच्या हातावरचा विश्वास दोन तऱ्हांनी बिघडतो. आधी त्याला वाटते, आपण काहीच केले नाही. म्हणून तो जास्त करतो. मग परिणाम येतो तेव्हा वाटते, हे आपण केलेच नाही. म्हणून तो दैवाला बोल लावतो. जबाबदारीचे भान शिकवायला तत्काळ उत्तरासारखा गुरू नाही. मूल विस्तवाला एकदाच हात लावते, कारण चटका उद्यावर जात नाही.

एका मोठ्या टर्बोऐवजी दोन लहान घालण्यात हेच अंतर कमी करण्याची धडपड आहे. लहान चाक हलके, म्हणून चटकन वेग घेते. शिवाय व्ही आकाराच्या इंजिनात सिलिंडरांच्या दोन रांगांना दोन धुराडी असतातच, तेव्हा प्रत्येकीला एक. मासेरातीने १९८१ साली बीटुर्बो काढली तीच मुळी या जोडीचे नाव मिरवीत. आजच्या टर्बोंत ही उशिराची खोड पुष्कळच कमी झाली आहे, हे कबूल केले पाहिजे. कमी झाली आहे, मोडलेली नाही.

या वादात तिसऱ्या पक्षाकडे मात्र कोणी फिरकत नाही. इंग्लंडच्या डब्ल्यू. ओ. बेंटली यांना सुपरचार्जरचा तिटकारा होता. बळ हवे तर इंजिनच मोठे बांधा, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या मनाविरुद्ध टिम बर्किन या शर्यतपटूने साडेचार लिटरच्या बेंटलीला सुपरचार्जर जोडलाच. १९३० साली ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत बर्किनने गवतात चाक घालून मर्सिडीजला मागे टाकले. लोक आजही ते रंगवून सांगतात. पण सुपरचार्जरवाल्या दोन्ही बेंटली शर्यत पुरी करू शकल्या नाहीत. पहिला आणि दुसरा क्रमांक साडेसहा लिटरच्या, उसन्या बळाशिवाय धावणाऱ्या बेंटलींनी पटकावला. तरी चित्रांत आणि खेळण्यांत जिवंत राहिली ती बर्किनचीच गाडी. माणसाला घरच्या बळापेक्षा उसन्या बळाची कथा जास्त गोड लागते, त्याला काय करणार?

उसने बळ नेहमीच वाईट असे मी म्हणत नाही. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने टर्बो जोडलेले विमानाचे इंजिन चौदा हजार फूट उंचीच्या पाइक्स पीकवर नेऊन चालवले. विरळ हवेत इंजिन गुदमरते. तेथे टर्बोने त्याचे गेलेले बळ त्याला परत मिळवून दिले. ते औषध होते. सपाट रस्त्यावर ४६० चे सातशे करणे याला औषध म्हणता येणार नाही. बळ कोंबले जाते ते ज्या पिस्टनवर, ज्या क्लचवर, ज्या ब्रेकवर, ते सगळे ४६० च्या हिशेबाने घडवलेले असतात. आणि रस्त्यावरच्या इतर माणसांना तर या व्यवहारात कोणी विचारलेलेच नसते.

तरी निवडच करायची वेळ आली, तर माझे मत सुपरचार्जरला. तो उधळ्या आहे, पण किंमत तोंडावर सांगतो. टर्बोची किंमत पुढे केव्हातरी कळते. ओल्ड्समोबिल कंपनीने १९६२ साली जेटफायर नावाची टर्बोवाली मोटार काढली. दाबलेली हवा तापते आणि इंजिन ठोके देऊ लागते. म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण तिला सतत पाजावे लागे. त्यासाठी एक निराळी टाकी होती. मालक बळ वापरीत राहिले आणि टाकी भरायला विसरत राहिले. टाकी रिकामी झाली की गाडी आपण होऊन टर्बोचा जोर आवरून घेई, आणि मालक तक्रार घेऊन दुकानात जाई. पुढे कितीतरी जेटफायर गाड्यांवरचा टर्बो उतरवून तेथे साधा कार्ब्युरेटर बसवण्यात आला.