भक्ती आणि मालकी

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील अथेन्सचे वकील टॉमस कॉब निष्ठावान प्रेस्बिटेरियन होते. १८५७ मध्ये त्यांची तेरा वर्षांची लेक लुसी तापाने गेली. तिच्या नावाची मुलींची शाळा १८५९ मध्ये सुरू झाली. मधल्याच वर्षी, १८५८ मध्ये, गुलामगिरीच्या कायद्यावरचा त्यांचा ग्रंथ निघाला. पोटच्या पोरांची ताटातूट काळ्या माणसाला फारशी जाणवत नाही, असे त्यात त्यांनी लिहिले आहे. लेक गमावलेल्या बापाने हे छापावे! आपले दुःख त्यांनी गुलामाच्या खोपटातही मान्य केले असते, तर लेकरे विकण्याचा हक्क त्यांना कोणत्या तोंडाने मांडता आला असता? भक्तीची परीक्षा मला इथे दिसते, घरच्या प्रार्थनेत नाही.

ते आपल्या काळाचे अपत्य होते, असा आक्षेप येईल. पण केंटकीत जन्मलेले, अलाबामात वकिली केलेले जेम्स बर्नी हेही प्रेस्बिटेरियन आणि गुलामांचे मालक. त्यांनी १८३४ मध्येच आपल्या गुलामांना मुक्त केले. दोघांचे बायबल एकच होते. गुलामगिरी चूक आहे हा युक्तिवाद कॉबना अपरिचित नव्हता. तो खोडून काढण्यासाठीच त्यांनी विद्वत्ता खर्ची घातली. पुढे गुलामगिरी टिकवण्यासाठी अमेरिकेपासून फुटलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या राज्यघटनेच्या मसुद्यातही त्यांचा मोठा हात होता, आणि डिसेंबर १८६२ मध्ये फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईत ते त्याच राज्यांच्या बाजूने लढताना मारले गेले. काळाची सबब त्यांना लागू पडत नाही.