बॅटरी परिग्रहात मोडते का?

पुलगावात साठवण म्हटलं की आधी आठवतं ते केंद्रीय दारूगोळा भांडार. मे २०१६ च्या अखेरीस एका रात्री तिथे आग लागली आणि लष्कराचे अधिकारी-जवान, अग्निशमन दलाची माणसं मृत्युमुखी पडली. कोंडून ठेवलेली ऊर्जा म्हणजे काय, हे गावानं त्या रात्री ऐकलं. आणि याच गावातून पूर्वेला, वर्धा शहर ओलांडलं की सेवाग्राम. तिथल्या प्रार्थनेतल्या अकरा व्रतांत एक असंग्रहाचं, म्हणजेच अपरिग्रहाचं.

पुलगावच्या वरच्या अंगाला, वर्धा नदीच्या पल्याड, कौंडण्यपूर आहे. तिथून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला पायी निघते; वाट महिन्याहून अधिक दिवसांची. हल्ली दिंडी म्हटलं की मागे ट्रक आलाच, आणि ट्रकमध्ये भांडीकुंडी, ताडपत्र्या, इन्व्हर्टर आणि एक जादा बॅटरी. मुक्काम शेतात पडला तर जवळपास विजेचा खांब असेलच असं नाही. २०२१ साली राज्यानं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण चाकांवरचा संसार महाराष्ट्राला वारीनं कधीच शिकवला होता.

सगळं मागे टाकून निघालेल्यानं वीज साठवून न्यावी का?

हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. १२ व्होल्ट, १०० ॲम्पिअर-तासांची साधी बॅटरी म्हणजे कागदावर १२०० वॅट-तास. वापरायचे त्यातले निम्मेच. ९ वॅटचे चार दिवे पाच तास जळले की १८० गेले. दहा मोबाइल चार्ज करायला आणखी अडीचशे. छतावर १०० वॅटचं पॅनेल असेल तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी चारशेच्या आसपास परत येतात. आषाढातल्या ढगांत मात्र फार कमी, मग दिवसा चालत्या ट्रकच्या डायनॅमोवर भिस्त. दीड टनाचा एसी लावायची हौस असेल तर हीच बॅटरी वीस-पंचवीस मिनिटांत खाली बसते. म्हणजे प्रश्न बॅटरीचा कमी, हौसेचाच जास्त.

गांधीजींनी १९३० मध्ये येरवडा तुरुंगातून आश्रमवासीयांना व्रतांवर पत्रं लिहिली. पुढे ती ‘मंगल प्रभात’ नावानं पुस्तकात आली. अपरिग्रहाबद्दल त्यांचा रोख असा, की रोजच्या गरजेपुरतं रोज मिळतं, उद्याचं आज कोंडू नये. ऐकायला सोपं, पण सूर्य मावळल्यावर काय? जैन परंपरेत उमास्वातींनी परिग्रहाची व्याख्या वस्तूवर बेतलीच नाही, वस्तूतल्या आसक्तीवर बेतली. ट्रकमधल्या बॅटरीला ही व्याख्या जास्त जवळची वाटते.

शिवाय शिसे-आम्लाची बॅटरी स्वतःच या वादात पक्ष घेते. पुरती पिळून तशीच ठेवली, तर प्लेटींवर सल्फेटचा कडक थर चढतो आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही. भरून कोपऱ्यात ठेवली आणि वापरलीच नाही, तरी महिन्याकाठी थोडीथोडी आपोआप उतरते. उधळ्या आणि कंजूष, दोघांनाही ती सारखीच शिक्षा करते. विदर्भाचा उन्हाळा तर तिचा उघड वैरी. पंचविशीच्या वर दर दहा अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं.

म्हणून पहाटे, भार काढून ठेवल्यावर, मीटरची लाल-काळी टोकं लावून पाहायची. १२.६ दिसलं तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली काटा गेला तर रात्री कुणीतरी गरजेपेक्षा जास्त घेतलं. एवढा रोखठोक कबुलीजबाब माणसाकडून सहसा मिळत नाही.

रात्रीपुरती, ढगापुरती साठवण परिग्रह नव्हे. शेजारच्या राहुटीतला मोबाइल लावू न देणारी साठवण मात्र नक्की परिग्रह. तेव्हा यंदा दिंडीचा ट्रक काढण्याआधी बॅटरीचं पाणी तपासा, कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, बोअरचं नको. आणि चार्जिंगची एक जादा पट्टी शेजाऱ्यांसाठी ठेवा.