शेवटचा हात

आपल्याकडे वस्तू बिघडत नाहीत. त्या कुणीतरी बिघडवतो. मिक्सर बंद पडला, नळ गळू लागला, छत्रीची काडी मोडली, की पहिला प्रश्न "काय झालं?" असा नसतोच. "शेवटचा हात कुणी लावला होता?" असा असतो. टिटवाळ्याला राहणाऱ्या माणसाला तर हे गाडीतही ऐकायला मिळते. आंबिवली सोडून लोकल जरा कुठे थांबली, की अख्खा डबा मोटरमनच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. पुढे सिग्नल लाल आहे आणि तो का लाल आहे हे मोटरमनलाही ठाऊक नाही, हा विचार करायला त्या गर्दीत जागाच नसते.

म्हणून मला एक प्रश्न पडतो, तो आपल्यापुढे ठेवतो. दोष शोधणे आणि दोषी शोधणे, ही एकच गोष्ट आहे काय?

आमच्या घरच्या कॉम्प्युटरचेच घ्या. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची कंपनीकडून होणारी नेहमीची देखभाल संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चीज लागते. ती आमच्या म्हाताऱ्यापाशी नव्हती. कंपनीच्या लेखी तो सेवानिवृत्त झाला. तेव्हा त्याच्यावर लिनक्स चढवायचे, असे चिरंजीवांनी ठरवले. ते फुकट मिळते म्हटल्यावर मी मंजुरीला वेळ लावला नाही.

पेन ड्राइव्ह लावला, काम सुरू झाले आणि ३७ टक्क्यांवर अडले. दुसऱ्यांदा ६२ वर. तिसऱ्यांदा १८ वर. लगेच घरात न्यायालय भरले. आईने अमावास्या काढली. शेजारच्या काकांनी विजेच्या दाबाला धरले. आमची ही म्हणाली, "दिवाळीत स्टेशनजवळच्या त्या पोऱ्याने पंख्यातली धूळ काढली ना, तेव्हाच काहीतरी काढून घेतलंय मेल्याने!" बहुमत तिकडेच झुकले. पुरावा एकच: शेवटचा हात त्याचा होता. ही चपला घालून निघालीसुद्धा.

मी म्हटले, "आधी ताळा करू, मग भांडू."

वाणिज्य शाखेच्या पदवीचा संसारात झालेला हा एकमेव उपयोग. तेरीज जुळली नाही की जाणता कारकून माणसांची तोंडे पाहत नाही, फरक पाहतो. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल झाली असावी, ५४ चे ४५. फरकाच्या निम्मी रक्कम कुठल्या नोंदीत सापडली तर जमेची रक्कम नावे पडली असावी. बेरीज दर वेळी तेवढ्याच रुपयांनी चुकत असेल तर चूक वहीत. दर वेळी निराळी येत असेल तर चूक बेरीज करणाऱ्यात.

कॉम्प्युटरचे शास्त्रही हेच निघाले. काम दर वेळी एकाच जागी अडले तर पहिला संशय पेन ड्राइव्हवरच्या मालावर. जागा बदलत राहिली तर संशय रॅमवर, म्हणजे यंत्राच्या तात्पुरत्या स्मरणशक्तीवर, नाहीतर वीजपुरवठ्यावर. (काका अगदीच चूक नव्हते!) आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार गोष्टी एकदम बदलल्या तर यंत्र सुधारते, पण आपल्या ज्ञानात भर पडत नाही.

रॅमच्या पट्ट्या दोन होत्या. त्यांचे सोनेरी काठ खोडरबराने घासून पाहिले. फरक पडला नाही. मग एका रात्री एक, दुसऱ्या रात्री दुसरी, अशा दोघींवर मेमटेस्ट नावाचा तपासनीस बसवला. तो स्मरणशक्तीच्या प्रत्येक खणात एक आकडा ठेवतो आणि मग परत मागतो. ठेवलेले आणि परत आलेले जुळले नाही, की लाल ओळ. दुसऱ्या पट्टीच्या खात्यावर सकाळी लाल ओळींची रांग लागली होती. ती पट्टी काढली आणि उरलेल्या अर्ध्या स्मरणशक्तीवर लिनक्स मुकाट्याने शंभर टक्के चढले. रोजच्या वापरात एखादा चुकीचा आकडा खपून जातो. लिनक्स चढवताना मात्र हजारो फायली उलगडून त्यांचा ताळा घेतला जातो, तिथे तो पकडला जातो. पोऱ्या निर्दोष सुटला. आपल्यावर खटला चालला होता, याचा त्याला आजही पत्ता नाही.

सगळेच आरोपी इतके नशीबवान नसतात. ब्रिटनच्या पोस्टात १९९९ पासून होरायझन नावाची संगणकप्रणाली आली. हिशेबात नसलेली तूट ती दाखवू लागली. यंत्र चुकत नाही, हे गृहीतच होते. मग शेवटचा हात कुणाचा? गल्लीबोळांतल्या पोस्टमास्तरांचा. कित्येकांनी पदरचे पैसे भरले. तक्रार करणाऱ्या अनेकांना, असे तुमच्याकडेच होते, म्हणून सांगण्यात आले. नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले, काही तुरुंगात गेले. २०२४ साली संसदेने कायदा करून त्यांतल्या शेकडोंच्या शिक्षा रद्द केल्या; तोवर काही जण वारलेही होते. गल्ल्यावर बसणारा माणूस हे वाचतो तेव्हा त्याच्या पोटात गोळा येतो.

आम्हा टिटवाळेकरांना तर हे आधीच कळायला हवे होते. कण्वमुनींचा आश्रम इथे होता आणि इथल्या महागणपतीचे देऊळ मुळात शकुंतलेने बांधले, असे इथे मानतात. कालिदासाच्या नाटकात दुर्वासांच्या शापाने दुष्यंताची स्मृती जाते. म्हणजे दोष रॅमचा! पण भर दरबारात खोटी ठरते ती शकुंतला. पुढे माशाच्या पोटातून अंगठी निघते, तेव्हा शिपाई कोळ्याला चोर म्हणून बांधून आणतात. का? शेवटचा हात त्याचा!

दोष शोधायला दोन रात्री लागतात. दोषी पाच मिनिटांत मिळतो. शिवाय तो बहुधा आपल्याहून खालच्या पायरीवरच सापडतो: कोळी, पोस्टमास्तर, स्टेशनजवळचा पोऱ्या. साहेबाचा शेवटचा हात कुणी धरत नाही. जगात चोर नसतातच, असे मी म्हणत नाही. बँकेत नोकरी करणाऱ्याला इतके भाबडे राहणे परवडत नाही. पण आधी ताळा, मग आरोप, एवढा क्रम तरी पाळावा. ताळा चुकला तर पुन्हा घेता येतो. आरोप मागे घेतला तरी ऐकलेले लोक तो विसरत नाहीत. त्या बाबतीत समाजाची रॅम फार मजबूत असते.