लेकराचे 'नाही' आणि आपली क्षांती



त्रिशरण-पंचशील म्हटले, वंदना आटोपली, मेणबत्ती विझली, की धम्म संपला असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. वास्तविक धम्माची परीक्षा त्यानंतर सुरू होते. आणि परीक्षक विहारात बसलेला नसतो. तो आपल्याच उंबऱ्यात बसून बापाची चप्पल तोंडात घालीत असतो. त्याचे वय अवघे दोन वर्षे!

भोर-वेल्ह्याच्या आपल्या वस्त्यांतून हे परीक्षक घरोघर आहेत. भातलावणीच्या दिवसांत आई पहाटे भाकऱ्या थापते, दिवसभर चिखलात वाकून दिवेलागणीला घरी येते. ती भाकरीचा तुकडा मोडून लेकराच्या हातात देते, तर ते म्हणते, "मोडकी नको, सगळी पाहिजे!" मोडलेली भाकरी जोडून द्यावी तरी कशी? मग लोळण, किंकाळ्या, हातपाय आपटणे. हेच लेकरू भोरच्या एस. टी. स्थानकावर नेमके गाडी सुटायच्या वेळी अंग टाकून देते. चार माणसे बघत राहतात. आईचा हात उठतो. शेजारीण सल्ला देते, "दोन ठेवून दे गं, त्याबिगर वळण लागायचं नाही."

थांबा! तो हात खाली येण्यापूर्वी थोडा विचार करू.

भगवान बुद्धांनी आपल्याला प्रत्येक गोष्टीचे कारण शोधायला शिकविले. मग या आकांडतांडवाचे कारण काय? दीड ते तीन वर्षांच्या मुलाला समजते खूप, पण सांगायला शब्द थोडे असतात. रागाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग तर विशी ओलांडेपर्यंत पिकत असतो. भूक, झोप, दमणूक यांपैकी एकाची भर पडली, की बांध फुटतो. हा लेकराचा दुष्टपणा नव्हे. ते आपल्याला छळण्यासाठी रडत नाही, त्याला स्वतःला आवरता येत नाही म्हणून रडते. म्हणून आधी विचारा, पोर भुकेले आहे काय? त्याची झोप झाली आहे काय?

आता त्याच्या 'नाही'विषयी. आंघोळीला नाही, जेवायला नाही, कडेवर यायला नाही! आपण वैतागतो. पण बंधूंनो, आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडात हा शब्द होता काय? गावकामाचे बोलावणे अवेळी आले, तरी महाराने उठून जायचे. १९५८ सालच्या कायद्याने महार वतने नाहीशी झाली, तोवर 'नाही' म्हणण्याची सोय नव्हती. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या 'जी' म्हणण्यात गेल्या, त्यांच्या घरात आज एक वीतभर पोर छाती काढून 'नाही' म्हणते. हा स्वाभिमानाचा पहिला कोंब आहे! त्याचे प्रत्येक 'नाही' मान्य करावे असे मी म्हणत नाही. पण तो कोंब चेचू नका. ज्या भयाने आपल्या आज्याला वाकविले, तेच भय आपण आपल्या हाताने नातवाला द्यायचे काय?

कोणी म्हणेल, मग लेकराला मोकाट सोडायचे काय? नाही. मज्झिम निकायात अभय राजकुमाराची कथा आहे. तो भगवंतांना वादात अडकविण्यासाठी आला होता. तथागत कोणाला अप्रिय वाटेल असे बोलतात काय, असा त्याचा प्रश्न होता. त्या वेळी त्याच्या मांडीवर एक तान्हे मूल होते. भगवंतांनी त्यालाच विचारले, या मुलाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर तू काय करशील? अभय म्हणाला, मी तो काढीन, सहज निघाला नाही तर एका हाताने डोके धरून बोट घालून काढीन, रक्त आले तरी काढीन, कारण मला मुलाची करुणा आहे.

पाहा, करुणा म्हणजे ढिलेपणा नव्हे. पोर चुलीकडे धावले, विहिरीच्या काठाशी गेले, दुसऱ्याला चावले, तर त्याला घट्ट धरून बाजूला घ्यायचेच. पण धरणाऱ्या हातात राग नसावा. खडा काढायचा असतो, मुलाला शिक्षा करायची नसते.

त्याच प्रसंगी भगवंतांनी बोलण्याची कसोटीही सांगितली. बोलणे खरे असावे, हिताचे असावे आणि वेळ पाहून असावे. आपण चुकतो ते बहुधा वेळेला. पोर किंचाळत असताना उपदेश म्हणजे भर पुरात पेरणी! त्या वेळी शब्द थोडे ठेवा, जवळ बसा. काही मिनिटांत पूर ओसरतो. मग मांडीवर घ्या आणि एका वाक्यात सांगा. मात्र रडण्यापूर्वी नाकारलेली वस्तू रडल्यावर देऊ नका, नाही तर किंचाळणे हाच मार्ग ते शिकेल. आणि आईने 'नाही' म्हटलेले आजीने पदराआडून देऊ नये.

आता खरेपणा. "गप बस, नाही तर बागुलबुवा येईल", "डॉक्टर सुई टोचेल" असे आपण सर्रास म्हणतो. भगवंतांनी बालवयीन राहुलाला भांड्यातले उरलेले थोडे पाणी दाखवून समजाविले होते की, जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज नाही, त्याच्या श्रामण्याची किंमत तेवढीच. थट्टेतही खोटे बोलू नकोस, असे त्याला बजाविले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आहे, आणि प्राणिमात्रांवर दया करून त्यांचे लालनपालन करण्याचीही आहे. मग देव्हारा काढलेल्या घरात बागुलबुवा कशाला ठेवायचा?

खोटे नको, पण हसू हवेच! "आंघोळ करतोस का?" विचाराल तर उत्तर ठरलेले आहे. त्याऐवजी विचारा, "पाणी तू ओततोस की मी ओतू?" चप्पल घालीत नसेल तर चपलेशीच बोला, "काय गं चपले, कुणाचा पाय हवा तुला? आजीचा?" ही लबाडी नव्हे. हा खेळ आहे, हे लेकरालाही ठाऊक असते. मात्र लेकराबरोबर हसा, लेकराला हसू नका. चारचौघांत नक्कल करणे, 'रडका' म्हणून नाव पाडणे हाही मारच आहे.

आणि आपलाच तोल जाऊ लागला तर? लेकराला सुरक्षित जागी बसवा, तांब्याभर पाणी प्या किंवा दुसऱ्याकडे द्या. 'दुसरा' म्हणजे बापही, बरे का! क्षांती ही दहा पारमितांपैकी एक आहे. ती एकट्या आईच्या वाट्याची नाही. दोन वर्षांचे होऊनही मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाक ऐकत नसेल किंवा वरचेवर स्वतःला इजा करीत असेल, तर अंगणवाडीताईंना विचारा, आरोग्य केंद्रात दाखवा. अंगारा-धुपारा नको.

मी शाळेत शिकवितो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतील छडीला बंदी केली. घरातील छडी कोणी काढायची? ती तुम्ही-आम्हीच काढायची. येत्या पौर्णिमेला एवढाच निश्चय करा, की पुढच्या पौर्णिमेपर्यंत घरात मार नाही आणि बागुलबुवा नाही. महिनाभर करून पाहा, आणि पटले तर पुढे चालू ठेवा. न भिता वाढलेले मूल उद्या दुसऱ्याला भिवविणार नाही, आणि अन्यायापुढे वाकणारही नाही.

जय भीम!