दलाली कोणाच्या खिशातून?

वऱ्हाडात कापसाच्या दलालाला कायद्याची वेसण पडली ती १८९७ साली. ‘बेरार कॉटन अँड ग्रेन मार्केट्स लॉ’ हा तो कायदा. कारंज्याचा नियंत्रित कापूस बाजार त्याच्याही अकरा वर्षं आधीचा. सरकारला शेतकऱ्याचा कळवळा आला होता, असं मुळीच नाही. इंग्लंडच्या गिरण्यांना भेसळ नसलेला कापूस हवा होता, आणि बाजार समित्याही बहुतांशी व्यापाऱ्यांच्याच हाती होत्या. पण त्या व्यवहारात एक विचार मात्र पक्का झाला. मधल्या माणसाला बाजारातून हाकलता येत नसेल, तर त्याच्याकडे परवाना असावा, त्याची दलाली आधी ठरलेली असावी आणि त्याचा काटा कोणालाही तपासता यावा.

हाच कापूस जिनात जाई. तिथे राबणाऱ्या बाईमाणसांचं काय? १८८१ चा पहिला कारखाना कायदा वर्षात चार महिन्यांपेक्षा जास्त चालणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक माणसं असलेल्या कारखान्यांपुरताच होता. हंगामी जिन त्यातून सहज निसटले. गाठीला नियम मिळाला, गाठ बांधणाऱ्याला नाही.

पुढे दोन रॉयल कमिशनं आली. शेतीवरच्या कमिशनने १९२८ मध्ये नियंत्रित बाजार इतर प्रांतांतही काढावेत असं सांगितलं, तेव्हा त्यांच्यासमोर वऱ्हाडचा अनुभव होता. मजुरांवरच्या व्हिटली कमिशनचा अहवाल १९३१ चा. त्यात मुंबईच्या गिरण्यांतला जॉबर उघडा पडला. कामावर घेणारा तोच, काढणारा तोच आणि दोन्ही वेळा दस्तुरी घेणाराही तोच. भरती त्याच्या हातून काढून घ्यावी आणि गिरण्यांनी लेबर ऑफिसर नेमावेत, असं कमिशन म्हणालं. म्हणजे कापसाच्या दलालाला परवाना मिळाला आणि माणसांच्या दलालाला हटवायचं ठरलं. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो, कारण माणसांचा दलाल काही हटला नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास सरकारी रोजगार विनिमय केंद्रं आली, १९५९ मध्ये रिक्त जागा कळवण्याची सक्तीही झाली. पण ती कारकून आणि शिपाई होऊ पाहणाऱ्यांच्या कामाची. वीटभट्टीवाला कधी त्या खिडकीशी गेला नाही.

खरी नवी कल्पना निघाली ती महाराष्ट्रातच, आणि तीही हमालांमधून. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला. त्याने मधली जागा रिकामी ठेवली नाही, तिथे मंडळ बसवलं. मालकाची आणि हमालाची, दोघांचीही नोंद मंडळाकडे. मालक मजुरी मंडळात भरतो आणि तिच्यावर वेगळी लेव्हीही देतो. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, दवापाणी. हमाल आज या गाळ्यावर, उद्या त्या. पण त्याचं खातं एकच राहतं. भरती करणारी संस्था कशी असावी, याचा इतका नेमका नमुना मला तरी दुसरा माहीत नाही. या कायद्याच्या नावावर खंडणी वसूल करणारे बोगस माथाडीही निपजले, आणि उद्योजक त्यांच्याविषयी तक्रार करतात ती खोटी नाही. पण खर्च काम देणाऱ्याने सोसायचा, हे तत्त्व त्यामुळे चुकीचं ठरत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने खासगी भरती संस्थांसाठी १९९७ मध्ये जो करार केला, त्याच्या सातव्या कलमात हेच आहे: कामगाराकडून शुल्क घेऊ नये. भारताने त्यावर अजून शिक्कामोर्तब केलेलं नाही.

माथाडीची वाट मात्र सगळ्यांसाठी उघडली नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराला परवाना दिला. त्याने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यावी, हे त्यातलं सर्वांत मोलाचं कलम. १९७९ मध्ये आंतरराज्य स्थलांतरित मजुरांसाठी वेगळा कायदा झाला. त्यात पासबुक होतं, विस्थापन भत्ता होता, प्रवासखर्च होता. पण मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याचं कोरकू कुटुंब दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन निघतं आणि होळीला परततं, ते पुण्याकडच्या भट्टीवर गेलं तर या कायद्याच्या लेखी स्थलांतरितच नव्हतं. राज्याची सीमा ओलांडली तरच तो लागू होई! शेकडो किलोमीटर दूर, परकी भाषा, पोरांची शाळा सुटलेली, निघण्याआधीच मुकादमाची उचल घेतलेली. उचल फिटेपर्यंत काम सोडता येत नसेल, तर ती १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी ठरते. ते सिद्ध करायला मात्र मजुराजवळ कागद नसतो.

गेल्या दहा वर्षांत चाक उलटंही फिरलं. २०१६ मध्ये महाराष्ट्रात फळभाज्यांची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं, योग्यच झालं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कंत्राटी कामगार कायद्याची मर्यादा वीस मजुरांवरून पन्नासवर नेली आणि लहान ठेकेदार कायद्याबाहेर गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये तर सरकारने आपल्याच कार्यालयांत माणसं पुरवायला नऊ खासगी संस्था नेमल्या. ओरड झाल्यावर ऑक्टोबरात तो निर्णय मागे घेतला. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांत नियुक्तिपत्र सक्तीचं आहे, आणि कंत्राटी मजुरांच्या कल्याणसोयींची जबाबदारी थेट मूळ मालकावर आली आहे. ही खरी प्रगती. पण पन्नासची रेघ तिथेही आहे.

अमरावतीजवळच्या नांदगाव पेठच्या पीएम मित्रा टेक्स्टाईल पार्कची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. शिवणयंत्रांवर बसणाऱ्या मुली अमरावती, चांदूर बाजार, मोर्शीकडून येतील, काही मेळघाटातूनही. त्यांना आणणारा कोणीतरी असेलच, आणि त्याचं कमिशनही. मजुरीतून काय कापता येतं याची यादी १९३६ च्या वेतन कायद्यातच होती. ठेकेदाराचं कमिशन तीत कधीच नव्हतं. म्हणून ते पगारपत्रकात कापलं जात नाही, पगार खात्यात पडल्यावर रोख परत मागितलं जातं. निरीक्षकाने पगारपत्रक कितीही वेळा तपासलं तरी ते त्याला दिसायचं नाही. पार्कातल्या कारखान्यांनी माणसं पुरवणाऱ्याचं बिल स्वतः, वेगळं आणि जाहीर दराने चुकतं करावं, अशी अट भूखंड देतानाच घालता येईल. कारंज्याच्या कापूस बाजारात दलालीचा दर ठरवून देणं काही जड गेलं नव्हतं.